विद्यापीठ पुण्याचं, की नुसतं पुण्यातलं?

खडकीकर | शनिवार, रात्री ९.५०

पुण्यात रिक्षावाल्याला नुसतं ‘विद्यापीठ’ म्हणा, तो चौकात आणून सोडतो. आत जायचं असेल तर वेगळं सांगावं लागतं. गेली काही वर्षं आपण विद्यापीठाबद्दल जे बोलतो तेही बहुतेक चौकाबद्दलच असतं. जुना पूल २०२० च्या टाळेबंदीत पाडला, मग मेट्रोचे खांब आले, मग दुमजली पुलाचं काम, औंधाकडून यायला आज किती वेळ लागला, बाणेरकडे वळायचं कुठून. भिंतीच्या आत चारशे अकरा एकरांवर काय चालतं याची आठवण होते ती निकालाच्या हंगामात, नाहीतर कुठली तरी क्रमवारी जाहीर झाली की.

परवा आमच्या सोसायटीच्या गटावर कुणीतरी एनआयआरएफमधल्या, म्हणजे केंद्र सरकारच्या क्रमवारीतल्या, विद्यापीठाच्या घसरणीची बातमी टाकली. त्याखाली लगेच ‘काय राहिलंय आता तिथे’ छापाचे निरोप. लिहिणारे बहुतेक जण याच विद्यापीठाचे पदवीधर! पण त्यांना विचारा, तुम्ही कुठले? उत्तर येणार फर्ग्युसन, एसपी, वाडिया, गरवारे. विद्यापीठाचा मी, असं पुण्यात वाढलेला माणूस सहसा म्हणत नाही.

त्याला कारणही आहे म्हणा. इथे कॉलेजं आधी आली आणि विद्यापीठ मागाहून. फर्ग्युसन १८८५ चं, एसपी १९१६ चं, वाडिया १९३२ चं. ही सगळी मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. पुणे विद्यापीठ झालं १९४९ मध्ये, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. म्हणजे शहराचा शिक्षणाचा तोरा विद्यापीठाच्या आधीच पक्का झालेला होता. सुरुवातीला कार्यक्षेत्र होतं बारा जिल्ह्यांचं. १९६२ ला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं, १९९० ला जळगावचं झालं, आणि उरले पुणे, नगर, नाशिक.

माझं मत असं की हे विद्यापीठ पुण्यापेक्षा पारनेर, सिन्नर, जुन्नर, अकोले या तालुक्यांचं जास्त आहे. त्यात वाईट काही नाही, उलट चांगलंच आहे. पण मग भिंतीला लागून राहणारे आम्ही खडकी, बोपोडी, औंध, सांगवीवाले या चित्रात कुठे बसतो? फिरायला जागा आणि कोंडीत अडकायला चौक, एवढंच नातं आहे का?

तुमचा संबंध कसा आला, आला का, ते लिहा. क्रमवारीवर भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा.

पमाकाकू | शनिवार, रात्री १०.२०

माझं विद्यापीठ म्हणजे रानडे इन्स्टिट्यूट, विद्यापीठाचे परकीय भाषांचे वर्ग भरतात ती गावातली इमारत. गणेशखिंडीत, मुख्य आवारात मी फारशी गेलेच नाही. फर्ग्युसन रस्त्यावर, दारात गाड्यांची गर्दी, आणि वर्गात कोण कोण! इंजिनिअरिंगची पोरं जर्मनसाठी, बँकेतले साहेब फ्रेंचसाठी, मुलं मोठी झाल्यावर मोकळ्या झालेल्या माझ्यासारख्या बायका आणि जपानी कंपनीत बढती हवी म्हणून घोकंपट्टी करणारा एक गरीब बिचारा. पुण्यात ‘जर्मन कुठे केलंस?’ याचं उत्तर मॅक्सम्युलर भवन किंवा रानडे, तिसरं नाव फारसं यायचंच नाही.

२०२१ मध्ये तिथला पत्रकारिता विभाग मुख्य आवारात हलवायचं घाटत होतं, तेव्हा माजी विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि ते थांबलं. तेव्हा मला कळलं की गावातली ती एक जुनी इमारत लोकांना विद्यापीठाच्या सगळ्या पसाऱ्यापेक्षा जवळची आहे. भर वस्तीत असलं की माणसं आपली म्हणतात, साधी गोष्ट आहे.

नगरी_मिरची | शनिवार, रात्री ११.०५

खडकीकर, पारनेरचं नाव घेतलंत म्हणून लिहायला बसलो.

मी एम.ए.ला आलो तेव्हा शिवाजीनगरचा एसटी स्टँड अजून वाकडेवाडीला गेला नव्हता. पत्र्याची पेटी, अंथरुणाची वळकटी, आणि ‘विद्यापीठात आत उतर, चौकात उतरू नको’ एवढी गाववाल्याची सूचना. वसतिगृहात आमच्या मजल्यावर शेवगाव, राहुरी, येवला, इगतपुरी, आंबेगाव असा सगळा नकाशाच होता. पुण्याचा मुलगा एकही नाही. असणार कसा, तो घरून यायचा आणि दुपारी घरी जायचा. आम्ही मात्र तिथेच राहायचो, दिवाळीतसुद्धा.

कर्मवीर भाऊराव पाटील कमवा आणि शिका योजनेत मी आधी बागेला पाणी घालायला होतो, मग ग्रंथालयात पुस्तकं लावायला. ग्रंथालयातलं काम मिळणं ही मोठी गोष्ट, कारण सावली! पैसे थोडे मिळायचे, मेसचं बिल कसंबसं निघायचं, पण घरी पैसे मागावे लागले नाहीत. बापाला ‘पोरगं विद्यापीठात नोकरी करतं’ असं गावात सांगता आलं. मी दुरुस्ती केली नाही.

जयकर ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत परीक्षा जवळ आली की सकाळी जागा धरायला जायचं. रुमाल, वही, काहीही टाकायचं. सेट-नेटवाले वेगळे, एमपीएससीवाले वेगळे, आणि प्रेमात पडलेले खिडकीजवळ. चहा अनिकेत कॅन्टीनला. तिथे बसून जेवढी जागतिक अर्थव्यवस्था सुधारली तेवढी कुठल्या विभागात सुधारली नसेल.

सांगायचं ते हे. ज्याला आपण पुणं म्हणतो त्याची आमच्यासारख्यांना पहिली ओळख या आवारात झाली. पेठा, लक्ष्मी रोड, नाटकं हे सगळं नंतर. पुण्यात कुणी ‘तुमच्याकडे असं बोलतात का’ म्हणून हसायचं. आवारात कुणी हसायचं नाही, कारण तिथे सगळेच ‘तुमच्याकडचे’.

तिरकस_तात्या | शनिवार, रात्री ११.४०

झाली का भावनिक जिलबी तळून? विद्यापीठाचं काम शिकवणं, संशोधन करणं आणि परीक्षा नीट घेणं. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं भरायच्या नाहीत, कंत्राटी मास्तरांवर विभाग चालवायचे, आणि मग क्रमवारीत घसरण झाली की छाती बडवायची. शिक्षक-विद्यार्थी प्रमाणाला तिथे गुण असतात हो. जनसंपर्काचं नंतर बघू.

खडकीकर | रविवार, सकाळी ८.१५

तात्या, क्रमवारीला वेगळा धागा म्हटलं होतं. :)

पण जागांचा मुद्दा या धाग्यातही बसतो. कायम प्राध्यापक असला की तो इथे घर करतो, वीस-पंचवीस वर्षं राहतो, शहरातल्या संस्थांत मिसळतो, व्याख्यानं देतो, वर्तमानपत्रात लिहितो, कट्ट्यावर सापडतो. अकरा महिन्यांच्या कराराचा मास्तर पुढच्या वर्षी कुठे असेल हे त्यालाच माहीत नसतं. तो शहराशी नातं कशाच्या जोरावर जोडणार?

@नगरी_मिरची, दुरुस्ती केली नाहीत हे बरं केलंत.

जुना_नकाशा | रविवार, सकाळी ९.३०

जागेचा इतिहास कुणी काढला नाही म्हणून मीच काढतो. लांबलं तर सोडून द्या.

५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई याच गणेशखिंड-खडकीच्या माळावर झाली. बापू गोखले मैदानात, आणि दुसरे बाजीराव पर्वतीवरून बघत होते. पुढचं आपल्याला माहीत आहे. नंतर पन्नासेक वर्षांनी त्याच बाजूला मुंबईच्या गव्हर्नराला पावसाळ्यात राहायला बंगला हवा झाला. बार्टल फ्रियर गव्हर्नर, ट्रबशॉ वास्तुविशारद. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या तेजीत हे काम निघालं. १८७१ ला पुरं झालं, तोवर तेजी कधीच बसली होती. खर्चावरून विलायतेतही ओरड झाली. आज आपण मुख्य इमारत म्हणतो ती हीच, मनोऱ्याची.

आता १८९७ साल बघा. पुण्यात प्लेग. सावित्रीबाई फुले हडपसरच्या बाजूला मुलाच्या, डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करत होत्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. २२ जूनला याच गव्हर्नमेंट हाउसात व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ होता. प्लेगचा अधिकारी रँड तिथून परत निघाला आणि गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी त्याला गाठलं. त्याच्यासोबतचा लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड जुलैच्या सुरुवातीला.

म्हणजे एकच साथ. एका टोकाला ती बाई रोग्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेते, दुसऱ्या टोकाला या घरात रोषणाई. आणि २०१४ पासून या घरावर नाव आहे ते त्या बाईचं. नामविस्ताराच्या वेळी पुष्कळ लोकांनी नाकं मुरडली, नाव लांबलं म्हणाले. मला तर वाटतं या इमारतीचा हिशोब त्या दिवशी थोडा तरी फिटला.

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारने ही जागा विद्यापीठाला दिली. लाटसाहेबाचं घर पारनेरच्या पोराला राहायला मिळालं ते त्यामुळे.

पमाकाकू | रविवार, सकाळी ९.५५

जुना_नकाशा, हे दोन धागे असे जोडलेले कधी वाचले नव्हते. मनोऱ्याकडे बघताना आता रँडच डोळ्यांसमोर येणार. वाचनखूण साठवली.

सायली_सांगवी | रविवार, सकाळी ११.१०

आमचा संबंध मुलीमुळे. आयुकात, म्हणजे विद्यापीठाच्या आवारातल्या खगोलशास्त्राच्या केंद्रात, शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं असतात, शाळेतून मुलं पाठवतात. चंद्रशेखर सभागृह मुलांनी भरलेलं, आणि समोर एखादा मोठा शास्त्रज्ञ साध्या फुग्यावरून विश्व समजावतोय. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला दारं सगळ्यांना उघडी. त्या अंगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत, तिथे माझ्या लेकीने आइन्स्टाइनच्या शेजारी बसून डबा खाल्लाय. नारळीकर सरांनी मुलांसाठी हे सुरू केलं आणि टिकवलं. पुलं आणि सुनीताबाईंच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून तिथे मुलांची विज्ञान शोधिका उभी राहिली, तिचं नावच मुक्तांगण. असं दान आणि असं काम एकाच आवारात सापडणं हे पुण्याचं भाग्य आहे, आणि आपण चौकातल्या सिग्नलवर बोलतो.

नियम_क्रमांक | रविवार, सकाळी ११.३०

आयुका विद्यापीठाची नाही. ते विद्यापीठ अनुदान आयोगाचं आंतरविद्यापीठीय केंद्र आहे, १९८८ चं. फक्त आवारात आहे. एनसीआरए हे रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, पेशीविज्ञानाचं केंद्र केंद्र सरकारचं. संगणक संशोधनाची सीडॅकही आवारात आहे, पण तेही विद्यापीठाचं नाही.

सायली_सांगवी | रविवार, सकाळी ११.४०

आठ वर्षांच्या मुलीला हे सांगून बघते.

जुन्नरी | रविवार, दुपारी १.२५

नियम_क्रमांक यांचं बरोबर आहे, पण सायलीताईंचंही. या संस्था गणेशखिंडीत आल्या कारण तिथे जागा देणारं विद्यापीठ होतं. आमच्या नारायणगावाजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यातल्या काही मैलोन्‌मैल लांब पसरलेल्या. चालवते एनसीआरए, म्हणजे पुन्हा तेच गणेशखिंडीचं आवार. विज्ञान दिनाला खोडदला जत्रा असते. शाळांनी केलेले प्रयोग मांडलेले, एसटीने, टेंपोने, पायी आलेली पोरं, भेळेची गाडी, आणि मास्तर ‘रांगेत या’ म्हणून ओरडतायत. दुर्बिणीचं तोंड कुठे असतं हे विचारणारे आजोबा दर वर्षी असतात.

दुसरी गोष्ट अजून कुणी लिहिली नाही ती बहिःशाल मंडळाची. डॉ. बाबासाहेब जयकर (म्हणजे आपले पहिले कुलगुरू मुकुंदराव) व्याख्यानमाला ठाऊक आहे का कुणाला? विद्यापीठाचं बहिःशाल शिक्षण मंडळ तालुक्याच्या, गावाच्या कॉलेजांत व्याख्यानं घडवतं. पाहुणा पुण्याहून किंवा नगरहून येतो. विषय काय वाटेल ते: पाणी, संतसाहित्य, आहार, कायदा, व्यसनं. समोर बी.ए.ची पोरं असतात, मागच्या खुर्च्यांवर गावातली जाणती माणसं, आणि दाराशी ‘आत येऊ का नको’ करत उभे राहिलेले दोघे-चौघे. वक्ता चांगला निघाला तर संध्याकाळी पारावर त्याचीच चर्चा. वाईट निघाला तर हार-नारळ, चहा, आणि सरपंचाचं आभाराचं भाषण वक्त्यापेक्षा लांब.

हसू नका, मी कॉलेजात असताना वीज आणि रोहित्र यांवरचं असलंच एक व्याख्यान ऐकून गावातल्या तीन-चार शेतकऱ्यांनी मोटारीला कपॅसिटर बसवला. विद्यापीठ आमच्याकडे आलं ते असं. आम्ही त्याच्याकडे गेलो ते नंतर.

एनएसएसवाला | रविवार, दुपारी २.१०

यात एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या, हिवाळी शिबिराचीही भर घाला. दत्तक गावात सात दिवस, शाळेच्या खोलीत मुक्काम, पहाटे प्रभातफेरी, दुपारपर्यंत श्रमदान. रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा. पहिल्या दिवशी शहरातली पोरं पोतं दोघांत उचलतात, शेवटच्या दिवशी एकेकटी. पुढच्या पावसाळ्यात बंधारा वाहून जातो हे खरं, पण तोवर विहिरींना पाणी राहतं, आणि परत बांधायला पुढची तुकडी असते.

आषाढात पालखीच्या वाटेवरही हीच पोरं. निर्मल वारीत शौचालयांपाशी उभं राहून वारकऱ्यांना हात जोडून ‘माउली, इकडे या’ म्हणायचं काम असतं. कुणालाही फोटो काढावासा वाटणार नाही असं काम आहे, पण मागे राहिलेल्या मुक्कामाच्या गावाला विचारा त्याची किंमत.

गोदाकाठ | रविवार, दुपारी ३.००

नाशिकहून नमस्कार. तुम्ही पुण्याचं की पुण्यातलं यावर भांडताय. आमच्यासाठी विद्यापीठ म्हणजे दोनशे किलोमीटरचा रस्ता, आणि त्यात चंदनापुरीचा घाट. कामाचा एक कागद आणायला पहाटेची गाडी धरणारे कितीतरी जण बघितलेत. आता बरंचसं ऑनलाइन झालं, उपकेंद्रही आहे, दिंडोरी तालुक्यात शिवनईला नवं आवार आलं. नगरलाही बाबुर्डी घुमटला आहे. हे सगळं खूप आधी व्हायला हवं होतं.

गंमत बघा. नाशिकमध्ये मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय आहे, १९८९ पासून. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचंही आहे. अख्ख्या महाराष्ट्रातली मुलं त्यांच्या कामाला नाशिकला येतात, आणि नाशिकच्या बी.कॉम.चा मुलगा पुण्याला जातो! (अवांतर: मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले. ते त्याआधी पुण्याचे कुलगुरू होते. ज्याला गावात येता येत नाही त्याच्याकडे विद्यापीठ न्यायचं हे पुण्यात बसूनच त्यांच्या डोक्यात पक्कं झालं असावं, असा माझा अंदाज.)

तिरकस_तात्या | रविवार, दुपारी ३.२५

गोदाकाठ, काळजी नको. पुण्यातली मोठी कॉलेजं एकेक करून स्वायत्त होतायत, सीओईपी तर २०२२ ला स्वतःच विद्यापीठ झालं. अजून थोडी वर्षं थांबा. पुणे विद्यापीठात पुण्याचं कुणी उरणारच नाही, फक्त नगर आणि नाशिक. मग नाव तुम्ही ठरवा.

जुन्नरी | रविवार, दुपारी ३.४०

तात्या, पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, भोर, वेल्हेही येतात बरं का. पुणं म्हणजे म्हात्रे पूल ते संचेती एवढंच नसतं. (हलकेच घ्या.)

तुम्ही गमतीत बोललात तरी चिंता खरी आहे. आर्थिकदृष्ट्या तगडी, नावाजलेली कॉलेजं बाहेर पडली की मागे राहतात तालुक्याची कॉलेजं. त्यांना स्वतःचा अभ्यासक्रम, स्वतःची परीक्षा झेपणारी नाही. त्यांना विद्यापीठ लागतंच. तेव्हा विद्यापीठाने कुणाकडे बघून काम करायचं ते ठरल्यात जमा आहे.

बोपोडीचा_बाळ्या | रविवार, सायंकाळी ६.३०

सगळं वाचलं. खडकीकरांनी विचारलं होतं की भिंतीला लागून राहणाऱ्यांचं काय, त्यावर कुणी काही बोललं नाही म्हणून लिहितो.

आमच्या आळीतून रोज सकाळी माणसं आत जातात. कुणी सुरक्षारक्षक, कुणी माळीकाम, कुणी मेसमध्ये पोळ्यांना, कुणी साफसफाईला. माझी आई वसतिगृहाच्या मेसला होती, मामा माळी. आवारातलं कुठलं झाड कधी लावलं हे मामाला जेवढं माहीत होतं तेवढं कुणाला नसेल. शिवाय खोल्या भाड्याने देणारे, डबे पोहोचवणारे, झेरॉक्स-बाइंडिंगवाले. प्रबंध जमा करायच्या दिवसांत बाइंडिंगवाल्याला जेवायला वेळ नसतो. विद्यापीठ आमच्याकडे किती तरी चुली पेटवतं, हे नातं कुणी मोजत नाही.

पण एक सांगतो. आमच्या घरातून आत शिकायला गेलेली पहिली मुलगी माझी पुतणी, आत्ता, समाजशास्त्राला. म्हणजे दोन पिढ्या आत कामाला आणि तिसरी वर्गात. पारनेरहून येणाऱ्या पोराला वाट माहीत होती, भिंतीपलीकडच्याला नव्हती. मला वाटतं कारण हे की गावाकडे विद्यापीठाचं कॉलेज असतं, व्याख्यानाला माणूस येतो, शिबिर येतं. आमच्या वस्तीत काय येतं? आम्ही रोज आत जाऊन येतो म्हटल्यावर आम्हाला ते माहीतच आहे असं सगळे धरून चालतात.

शिबिरासाठी लांबचं गाव शोधताना एखाद्या वर्षी मुळा नदीच्या पुरात दर खेपेला पाणी शिरणारी आमची वस्ती घ्या की!

खडकीकर | रविवार, सायंकाळी ७.०५

बाळ्या, या प्रतिसादासाठी धागा काढल्याचं चीज झालं. एनएसएसवाला, ऐकताय ना?

एनएसएसवाला | रविवार, सायंकाळी ७.२०

ऐकतोय. शहरी वस्ती घ्यायला नियमाची आडकाठी काही नाही, कॉलेजांनाच खेडं हवं असतं. शेकोटी आणि हुरडा वस्तीत होत नाही ना. उद्या दोन कार्यक्रम अधिकाऱ्यांना फोन करतो.

टेकडीवरचा | रविवार, रात्री ८.००

पहाटे फिरणाऱ्यांच्या वतीने हजेरी लावतो. वड, गोरखचिंच, अॅलिस गार्डन, पहाटेची पाखरं. गणेशखिंड रस्त्याच्या रुंदीकरणात बाहेरची झाडं गेली, त्यानंतर आतल्या झाडांचं मोल जास्तच. शहराला हवा देणारी जागा म्हणून तरी विद्यापीठ पुण्याचं आहे की नाही? सगळ्यांना मोकळं ठेवलं पाहिजे.

नगरी_मिरची | रविवार, रात्री ८.१५

पहाटे चालायला या, जरूर या. पण ती बाग नाही, तिथे हजारो पोरंपोरी राहतात. रात्रभर अभ्यास करून झोपलेल्याच्या खिडकीखाली हास्यक्लब भरवू नका. फाटकावर ओळख विचारली तर मला त्यात गैर काही वाटत नाही. वसतिगृहातल्या मुलींच्या आईबापांना विचारा.

आकाशवाणी_प्रेमी | रविवार, रात्री ८.४५

कुणालाच आठवलं नाही म्हणून: विद्यावाणी, एफएम १०७.४. विद्यापीठाचं स्वतःचं सामुदायिक रेडिओ केंद्र. अशा केंद्रांना कमी शक्तीचंच प्रक्षेपण करायची परवानगी असते. म्हणजे त्याचा आवाज मुळात शेजारपाजाऱ्यांपुरताच पोहोचतो, औंध, खडकी, शिवाजीनगर, पाषाण. नाशिकला ऐकूच येणार नाही. ज्या लोकांसाठी ते आहे तेच लोक या धाग्यावर ‘आमच्यासाठी काय’ विचारतायत! बाळ्या, तुमच्या मामांची झाडांची माहिती तिथे रेकॉर्ड व्हायला हवी. मनापासून सांगतो.

बोपोडीचा_बाळ्या | रविवार, रात्री ९.००

मामा गेले. पण त्यांच्या हाताखालचे दोघे आहेत. विचारतो.

नियम_क्रमांक | रविवार, रात्री ९.३०

मघाशी मी रुक्ष बोललो असं काहींना वाटलं, आता कामाचं रुक्ष सांगतो.

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे विद्यापीठाच्या अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर, नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात. याच विद्यापीठाची पदवी असलेला कुणीही नोंदणी करून मतदार होऊ शकतो. फर्ग्युसनवाला, सिन्नरवाला, गृहिणी, रिक्षावाला, निवृत्त मास्तर, कुणीही. अधिसभेपुढे अर्थसंकल्प येतो, वार्षिक अहवाल येतो, प्रश्न विचारता येतात. वसतिगृह का अपुरं, उपकेंद्राला किती पैसे, बहिःशालवर किती खर्च, हे विचारायची हक्काची जागा तीच.

मागची निवडणूक २०२२ ला झाली. या विद्यापीठाचे पदवीधर लाखांनी असतील, नोंदणी त्या मानाने किरकोळ, आणि ती करून घेतात मुख्यतः संघटना आणि संस्थाचालक. मग निवडून तेच येतात. यात त्यांचा दोष नाही, ते मेहनत घेतात. सोसायटीच्या गटावर ‘काय राहिलंय आता तिथे’ लिहिणाऱ्यांपैकी किती जण मतदार आहेत ते विचारून बघा.

गोदाकाठ | रविवार, रात्री ९.५०

नाशिकचा पदवीधरही चालतो का? आणि मत द्यायला पुन्हा पुण्याला यायचं असेल तर नको.

नियम_क्रमांक | रविवार, रात्री ९.५५

चालतो. तिन्ही जिल्ह्यांचा मतदारसंघ एकच, मतदान केंद्रं तिन्ही जिल्ह्यांत. नोंदणी ऑनलाइन होते, पदवी प्रमाणपत्राची प्रत आणि शुल्क लागतं. मुदत निवडणुकीच्या आधी जाहीर होते, त्यामुळे विद्यापीठाच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा. शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

तिरकस_तात्या | रविवार, रात्री १०.१५

प्राध्यापक भरतीवर प्रश्न विचारणारा उमेदवार असेल तर मी नोंदणी करतो. नुसता फ्लेक्स लावणारा असेल तर माझं मत मिळणार नाही.

जुन्नरी | रविवार, रात्री १०.२०

तात्या, तुम्हीच उभे राहा. सूचक मी.

गोदाकाठ | रविवार, रात्री १०.२२

अनुमोदक मी. पण जाहीरनाम्यात शिवनई पाहिजे.

तिरकस_तात्या | रविवार, रात्री १०.४०

आधी नोंदणी तरी करा लेकांनो. दोन मतांत डिपॉझिट जाईल माझं.